दूधगंगेच्या पुलापर्यंत

संयोगिता त्या मैदानावर गेली ती निव्वळ लेकाच्या हट्टापायी. रविवार होता. इचलकरंजीहून ती कोल्हापूरला, उद्यमनगरात भावाकडं निघाली होती. मांडीवर शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा, गाडी चालवायला यशराज. गावात शिरता शिरता त्याला रस्त्याकडेला जुन्या वाहनांच्या प्रदर्शनाचा फलक दिसला आणि काही न विचारता त्यानं गाडी आत वळवली.

"आई, धा मिनिटं फक्त. मामा काय पळून चाललेत व्हय?"

यशराज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला. तेहतीस वर्षांचा, एका पोरीचा बाप, पण वेगळी गाडी दिसली की त्याचा शाळकरी होतो. संयोगिता हसली आणि उतरली. हे वेड त्याच्यात कुठून आलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं.

मांडवाखाली पंचवीस-तीस गाड्या होत्या. फियाट, अँबेसिडर, दोन जीप, जावा मोटरसायकलींची एक रांग. यशराज फोन काढून फोटोंत गुंतला. ती एकटीच बघत बघत मांडवाच्या टोकाला गेली आणि तिथं तिचे पाय थांबले.

गडद हिरव्या रंगाची डॉज होती. लांबलचक बॉनेट, पुढच्या दिव्यांभोवती चकाकती कडी. ही गाडी तिनं शेवटची पाहिली त्याला एकोणचाळीस वर्षं झाली होती. पाहिली तीही धावती, शेजारून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून.

गाडीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. पासष्टीच्या पुढचे, अंगानं दांडगे, पोट सुटलेले, डोळ्यांवर जाड भिंगं. भोवती कॉलेजच्या पोरांचं कोंडाळं. चेहरा तिनं ओळखला नसता, पण आवाज तोच होता. कृष्णात. तिच्या भावाचा, सयाजीचा एके काळचा जिवलग.

"आरं, तुमच्या आत्ताच्या गाड्या म्हंजे फोनला चार चाकं लावल्यागत हाईत," कृष्णात सांगत होता. "ही आठ सिलिंडरची अमेरिकन. चालू केली की शेजारच्या घरात फळीवरची भांडी वाजायची. आनि आसल्या दोन हुत्या आमच्यात. येक ही, आनि दुसरी सयाजीची इम्पाला. कुठली जोरात पळती यावर सहा म्हैनं भांडलो. शेवटी शर्यत लावली. उचगाव फाट्यापासनं कागलच्या पुढं दूधगंगेच्या पुलापर्यंत. हरंल त्यानं मिशी काढायची."

"आणि पोलीस, काका?"

"पोलीस आलं तर पूल वलांडायचा. पल्याड कर्नाटक लागतंय की थोड्याच अंतरावर!"

पोरं खदाखदा हसली. "मग जिंकलं कोण?"

"सयाजी. माझं इंजिन तापलं कणेरीवाडीच्या चढाला. त्याचं न्हाय तापलं. संपला इषय."

"आणि मिशी?"

"काढली की! भर चौकात खुर्ची टाकून, न्हाव्याला बोलावून."

"ते सयाजीकाका आता कुठं असतात?"

"हाय की. उद्यमनगरात शेड हाय त्याचं." कृष्णातनं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. "बोलणं न्हाय आमचं."

"का?"

"असंच."

संयोगितानं डबा छातीशी धरला. कणेरीवाडीच्या चढाला इंजिन तापलं नव्हतं. हे साऱ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो खुर्चीत बसलेला, आणि दुसरी ती.

शहाऐंशी सालची गोष्ट. सयाजी तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मशीन शॉपमध्ये लेथ चालवायचा. इम्पाला त्याला मिळाली ती एका सिनेमावाल्याकडून. बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागं ती कित्येक वर्षं उभी होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. सयाजीनं बैलजोडी लावून ती ओढत आणली तेव्हा रस्त्यानं माणसं हसायला गोळा झाली होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला. आठातले पाच पिस्टन कामातून गेलेले. तसले पिस्टन मुंबईतसुद्धा मिळेनात.

तेव्हा कृष्णातच म्हणाला होता, "मिळायला कशाला पायजेत? वतू की."

कृष्णातच्या वडिलांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री होती. दोघांनी मिळून लाकडाचा नमुना कोरला, वाळूत साचा घातला, ॲल्युमिनियम वितळवून ओतलं. पहिले पिस्टन आत पोकळ निघाले, दुसऱ्या खेपेचे तडकले, तिसऱ्या खेपेला जमलं. सयाजीनं ते लेथवर चढवून असे उतरवले की हातात धरलं तर आरशागत दिसावेत. ज्या गाडीशी पुढं शर्यत लावायची होती तिच्या पोटातले पिस्टन कृष्णातनं स्वतःच्या भट्टीत ओतले होते. तशी मैत्री होती ती.

संयोगिता त्या वेळी वीस वर्षांची, कॉमर्स कॉलेजला. संध्याकाळी भावाचा डबा घेऊन यायची आणि तिथंच रमायची. व्हॉल्व्ह घासायचं काम तिच्याकडं असायचं, कारण ते घाईचं काम नव्हे आणि त्या दोघांनाही धीर नव्हता. गावाकडच्या शेतावर ती पंधराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवत होती. इम्पाला सुरू झाल्यावर सयाजी कच्च्या रस्त्यावर तिला स्टिअरिंगवर बसवायचा आणि आपण शेजारी बसून डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचा. "वाढीव... आजून वाढीव... सोड." असं चालायचं. कृष्णात त्या वेळी फाउंड्रीत असायचा. गाडी संयोगिता चालवते हे त्याला माहीतच नव्हतं.

शर्यतीला तीन दिवस राहिले असताना गिअरबॉक्स उतरवताना साखळी सुटली आणि सयाजीचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

"फुडच्या म्हैन्यात करा की मग," संयोगिता म्हणाली.

"फुडं ढकलली तर समदं गाव म्हणंल, सयाजीनं हाताचं निमित्त केलं."

"मग मी चालवते."

"याड लागलंय का तुला?"

"म्हैनाभर कोण चालवतंय? तू नुसता कान लावून बसतोस."

सयाजीनं प्लास्टरकडं बघितलं. तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. "आबांना कळलं तर दोघांनाबी जित्तं सोडायचं न्हाईत," तो शेवटी म्हणाला.

"कळलं तर."

तिसरा माणूस विश्वासात घेतला तो बाळासो, सयाजीचा मित्र. मनगट मोडल्याचं घराबाहेर कळू दिलं नाही; हात शर्यतीनंतर मोडला असंच पुढं सांगायचं ठरलं. रविवारी सकाळी सहाला उचगाव फाट्यावर दोन्ही गाड्या लागल्या. जानेवारीची थंडी, उसाच्या फडांवर धुकं. संयोगितानं भावाचा स्वेटर घातला होता, वेणी टोपीत कोंबली होती आणि मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता. सयाजीचा घसा बसलाय, आवाज फुटत नाही, असं बाळासोनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कृष्णातनं डॉजमधून हात केला. तिनं हात केला. बाळासोनं टॉवेल हलवला.

गोकुळ शिरगावपर्यंत डॉज पुढं होती. कणेरीवाडीच्या चढाला संयोगिता उजवीकडं निघाली आणि इम्पाला डॉजच्या बरोबरीनं आली. रस्ता दोन गाड्यांपुरताच. तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, कृष्णातचं उजव्या. म्हणजे दोघांच्या खिडक्या समोरासमोर आणि दोघांच्या मध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर. चढाच्या माथ्यावरून एक बस आली. सरळ, आपल्या बाजूनं, दिवे लावून.

त्या घटकेला संयोगिताला ब्रेक आठवला नाही. तिला काहीच आठवलं नाही. पाय ॲक्सिलरेटरवर होता तो तिथंच दगडासारखा बसला. तिनं मान वळवली तर कृष्णात तिच्याकडंच बघत होता. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरात पुढं हलवला. जा. आणि आपण ब्रेक दाबला. डॉजची चाकं किंचाळली, गाडी मागं पडली, रस्ता सोडून मातीत उतरली. पुढं मोकळी झालेली जागा तिला दिसली. तिनं स्टिअरिंग डावीकडं ओढलं. बस बाजूनं गेली तेव्हा अख्खी इम्पाला थरथरली.

पुढं ती कशी गेली हे तिला सांगता आलं नसतं. दूधगंगेच्या पुलावर पोचली तेव्हा मागं कुणी नव्हतं. पुलापलीकडं झाडाखाली सयाजी वाट बघत उभा होता. ठरल्याप्रमाणं तो स्टिअरिंगवर बसला, तिनं उतरवलेला स्वेटर अंगात घालून प्लास्टरवर बाही ओढली. आडवाटेनं मोटरसायकलवर आलेल्या बाळासोनं तिला मागं बसवलं आणि त्याच वाटेनं घराकडं आणलं. सयाजीनं विचारलं तेवढं तिनं सांगितलं होतं, "जिंकलो." बसचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तो आनंदानं नाचत होता. म्हटलं, संध्याकाळी सांगू.

अर्ध्या तासानं कृष्णात पुलावर आला. चाकं चिखलानं माखलेली. तोपर्यंत दहा-बारा मित्र जमले होते. कृष्णात उतरला आणि सयाजीच्या समोर येऊन उभा राहिला. सयाजीनं त्याच्या खांद्यावर डावा हात टाकला आणि हसत विचारलं, "मिशी कवा काढतोस रं?"

कृष्णातनं तो हात खांद्यावरून काढला. मग म्हणाला, "इंजिन तापलं माझं." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चौकात मिशी काढली. त्यानंतर सयाजीच्या शेडात त्यानं पाऊल ठेवलं नाही.

हे सगळं बाळासोनं पुलावरच्या मित्रांकडून ऐकलं आणि संयोगिताला सांगितलं. "हार पचली न्हाय गड्याला," सयाजी म्हणायचा आणि खट्टू होऊन कामाला लागायचा. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बसचं सांगितलं असतं तर भावानं पुन्हा गाडीला हात लावू दिला नसता. आणि आबांच्या कानावर गेलं असतं तर! घरात तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. मे महिन्यात ती इचलकरंजीला गेली, यंत्रमागांच्या खडखडाटात, सासू-सासरे, दोन पाळ्यांचे कामगार, मग यशराज. इम्पाला सयाजीनं पुढं बेळगावच्या कुणाला तरी देऊन टाकली. आबा गेले. नवरा गेला. दर राखीपौर्णिमेला ती भावाकडं यायची, आणि कृष्णातचं नाव निघालं की उठून स्वयंपाकघरात जायची.

आज मात्र तिला उठून जायला जागा नव्हती. पोरं पांगली तशी ती पुढं झाली.

"कृष्णातदादा, मी संयोगिता. सयाजीची भन."

कृष्णातनं मान वर केली. चष्म्याआडचे डोळे बारीक झाले. "संयू व्हय? डबा घिऊन येणारी? आगं, बस की! किती वर्सांनी!" त्यानं स्वतःची खुर्ची तिला दिली आणि शेजारच्या मंडपातून दुसरी ओढून आणली. चहा सांगितला. इचलकरंजीची, लेकाची, नातीची चौकशी केली. सयाजीची केली नाही.

"तुमाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी इम्पाला दादानं चालवली नव्हती. मी चालवली."

कृष्णात हसला. "बरं."

"खोटं न्हाय सांगत. दादाचा हात मोडला हुता."

"आगं, मी सोता बघितला की त्याला. हात केला त्यानं मला."

"मी केला त्यो हात."

"काय तरी सांगू नगंस, संयू. तुझ्या भावानं धाडलंय का तुला चेष्टा करायला?" आता त्याच्या आवाजाला धार आली.

संयोगितानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमचं इंजिन तापलं नव्हतं. चढाच्या माथ्यावरनं बस आली. मी तुमच्या बरोबरीत हुते. तुमी खिडकीतनं हात बाहीर काढला, असा," तिनं हात पुढं हलवून दाखवला, "आनि ब्रेक मारला. गाडी मातीत घातली. हातात तुमच्या पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ हुतं."

कृष्णातची नजर आपल्या मनगटावर गेली.

"हे मी कुणाला बोललो न्हाय," तो हळू म्हणाला.

"ठावं हाय मला. मी बी न्हाय बोलले. माझा पाय हलत नव्हता, कृष्णातदादा. तुमी ब्रेक मारला नसता तर मी त्या दिवशीच गेले असते."

मागं यशराज येऊन उभा होता. फोन हातात, तोंड उघडं. "आई?" तो म्हणाला. "तू?"

"गप जरा," आई म्हणाली.

कृष्णात डॉजच्या चाकांकडं वळला. मग बोलायला लागला ते स्वतःशीच बोलल्यासारखं. "डोळं बघितलं हुतं मी. मफलरच्या वरचं. सयाजीला मी कवा भ्यालेला बघितला नव्हता. त्यो मारक्या बैलाम्होरं बी उभा ऱ्हायाचा. म्हटलं, आज माझा दोस्त भ्यालाय. हे कुणाला कळता कामा नये. म्हणून म्या इंजिन तापल्याचं सांगितलं समद्यांना." त्यानं कप बाजूला सारला. "पुलावर गेलो तवा वाटलं, ह्यो आता गळ्यात पडंल. न्हायतर नुसता खांदा दाबंल. मला काय जास्ती नको हुतं. आनि ह्यो हसत इचारतोय, मिशी कवा काढतोस!"

"दादाला बसचं ठावंच नव्हतं. मी सांगितलंच न्हाय. आजपतोर न्हाय."

"आजपतोर?"

"आजपतोर."

कृष्णातनं डोक्यावरून हात फिरवला. आता हा चिडणार, असं तिला वाटलं. चिडला असता तरी तिनं ऐकून घेतलं असतं. पण त्याच्या पोटातून कसलासा आवाज आला, खांदे हलायला लागले, आणि तो इतक्या जोरात हसला की जावावाले वळून बघायला लागले. "म्हंजे मला पोरीनं हरवलं! आयला! आनि मी चाळीस वर्सं त्या सयाजीचा राग राग करतोय!" हसता हसताच त्यानं चष्मा वर करून डोळे पुसले. मग एकदम उठला.

"चल."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? उद्यमनगरात."

यशराजच्या गाडीत पुढं कृष्णात बसला, मागं संयोगिता. वाटेत फक्त एकदा यशराजनं आरशातून आईकडं बघत विचारलं, "किती स्पीड हुता?" आणि आईनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "काटा बंद हुता त्याचा."

सयाजी रविवार असला तरी शेडातच होता. चौसष्ट वर्षांचा, वाळकुडा, कानावर पेन्सिल. व्हाइसमध्ये काहीतरी धरून कानस मारत होता. दारात माणसं आल्याची सावली पडली तशी त्यानं मान वर केली. बहीण दिसली, भाचा दिसला, आणि त्यांच्या मागं कृष्णात. कानस थांबली.

कुणी "ये" म्हणालं नाही, कुणी "बस" म्हणालं नाही. संयोगितानं उभ्या उभ्याच सांगितलं. चढ, बस, हात, ब्रेक, सगळं. थोडक्यात सांगितलं, कारण थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं.

सयाजीनं कानस बाकावर ठेवली. "तू ब्रेक मारलास?" त्यानं कृष्णातला विचारलं.

"मारला."

"ही आत हाय हे ठावं नसताना."

"तू हाईस म्हणून मारला."

"आनि म्या तुला मिशीचं इचारलं."

"व्हय."

सयाजी स्टुलावर बसला. मग बहिणीकडं वळला आणि त्याचा आवाज चढला. "आनि तू? चाळीस वर्सं? मी इथं रोज ह्या दाराकडं बघून म्हणतोय, माझं चुकलं काय? भांडाण न्हाय, तंटा न्हाय, माणूस यायचा बंद कसा हुतो? आनि तुला ठावं हुतं!"

"भ्याले हुते," संयोगिता म्हणाली. "आदी आबांना भ्याले. मग तुला. मग किती उशीर झालाय त्याला भ्याले. मला माफ कर म्हणायला बी आले न्हाय मी. तुमची दोघांची गाठ घालायला आलेय."

सयाजी उठून मागच्या नळावर गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. कृष्णात तोवर शेडात हिंडत होता, लेथवर हात फिरवत होता. "मशीन तीच ठेवलीया," तो यशराजला म्हणाला. "ह्याच्यावरच उतरवलं हुतं पिस्टन."

सयाजी आला तो तोंड पुसत. कृष्णातच्या समोर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. "माझी भन जित्ती हाय ती तुझ्यामुळं..."

कृष्णातनं चापट मारून ते हात खाली पाडले. "हात खाली घे. लाज वाटती का न्हाय? मी बी इचाराय पायजे हुतं येकदा. सरळ येऊन, का रं बाबा, असं का? न्हाय इचारलं. आबा गेलं तवा मसणवाटंत आलतो. मागं उभा ऱ्हाऊन माघारी गेलो. मग चूक कुणाची?"

"तू आलतास?"

"आलतो की."

सयाजीनं इकडं तिकडं बघितलं. त्याची नजर बहिणीच्या डब्यावर पडली. "जेवलास का?" त्यानं विचारलं.

"कुठलं? तुझ्या भनीनं जेवू दिलंय व्हय?"

मग वर्तमानपत्र पसरून चौघं बाकाभोवती बसले. शेंगदाण्याच्या पोळ्या, शेजारच्या हॉटेलातून मागवलेली भाजी आणि तिखटाचा गोळा. पहिले चार घास अवघडल्यासारखे गेले. पाचव्या घासाला कृष्णात म्हणाला की पिस्टनचा तिसरा साचा त्यानं जमवला होता, आणि सयाजी म्हणाला की साफ खोटं, वाळू घट्ट धरावी म्हणून तीत गूळ घालायचं त्यानं सुचवलं म्हणून जमला. तिथून जे भांडण लागलं ते संयोगिता निघेपर्यंत चाललं. तिनं दोनदा "येते मी" म्हटलं, कुणाचं लक्षच नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत डॉज सयाजीच्या शेडात आली. म्हणायला काम एवढंच होतं की एक सिलिंडर नीट पेट घेत नव्हता. पण दोघांनी मिळून अख्खं इंजिन उतरवलं. कृष्णात रोज सकाळी दहाला येतो आणि त्याच्या घरून जेवायला फोन आल्याशिवाय उठत नाही. सयाजीला ऐकू कमी येतं, कृष्णातला दिसत कमी. कृष्णात आवाजावरून सांगतो, सयाजी डोळ्यांनी बघून. यशराज शनिवारी कंपनीतून सुटला की थेट शेडात जातो. बेळगावात दोनदा जाऊन तो इम्पालाचा तपास करून आला, पण ती कधीच भंगारात गेली असं कळलं. सयाजीला ते सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पिस्टन तेवढं काडून घ्याय पायजे हुतं."

संयोगिता आता रविवार चुकवत नाही. दोघांनी तिला पुन्हा व्हॉल्व्हपाशी बसवलंय. धीर त्यांना अजूनही नाही.

मागच्या रविवारी ती तशीच बसली होती, मांडीवर फडकं, बोटांना काळी पेस्ट. सयाजी समोर नट धूत होता. धुता धुता थांबला आणि म्हणाला, "संयू, म्या तुला कवा इचारलंच न्हाय."

"काय?"

"बस येण्याआदी. उचगावपासनं तितपतोर. कसं वाटलं गं?"

कृष्णातनंही मान वर केली. "व्हय की. आमाला काय ठावं, मी माझ्या गाडीत हुतो, ह्यो पुलावर. सांग की."

संयोगितानं व्हॉल्व्ह फडक्यावर ठेवला. हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता, आणि विचारेल असं तिनं धरलंही नव्हतं.  मग तिनं सुरुवातीपासूनच सांगायला घेतलं. टोपीत कोंबलेली वेणी कशी टोचत होती. स्वेटरला रॉकेलचा वास कसा येत होता. बाळासोचा टॉवेल खाली आला आणि सीटनं पाठीला असा दणका दिला की तिला हसूच फुटलं, मफलरच्या आत. उजळाईवाडीपाशी धुकं फाटलं आणि अख्खा रस्ता एकदम दिसला, सरळ, ओला, कुणी नसलेला. डॉजच्या मागच्या तांबड्या दिव्यांकडं बघत ती जात होती आणि तिला वाटत होतं की ही गाडी आपल्याला ओळखते, पाय हलवायच्या आधीच तिला कळतंय.

"तिसऱ्या गिअरात," ती म्हणाली, "आवाज बदलला तिचा. तुला ठावं हाय बघ दादा, मधूनच कशी घशातनं गायला लागायची?"

"ठावं हाय," सयाजी म्हणाला. त्यानं डोळे मिटून घेतले होते. "फुडं सांग."

कृष्णातनं पलीकडचा पंखा बंद केला, सयाजीला ऐकू यावं म्हणून. संयोगितानं हात पुसले आणि ती पुढं सांगू लागली.